लाल पट्ट्यातली नऊ मिनिटं

११ ऑगस्ट, सोमवार
मोबाइलवर ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा नकाशा उघडला, तर आपलं गाव लाल. परवापर्यंत हिरवं होतं. डोंगरावरची जुनी धावपट्टी सुरू झाली, शिकाऊ विमानं येणार. आता परवानगीशिवाय ड्रोन उचलायचा नाही. बचत गटातल्या दोघींचं सोयाबीन माझ्या ड्रोननं फवारायचं राहिलंय, अळी पडलीय. "पाठीवरचे पंप काढा," मीच त्यांना म्हणाले.

१३, बुधवार
अर्ज भरला. धावपट्टीवर जाऊन आले. विमानांच्या वेळा बघणारे मोरे साहेब नीट बोलले. "ताई, तुमचा ड्रोन खालीच उडतो, कळतं मला. पण उतरताना विमान ओढ्यावरून येतं. वरून मंजुरी आली की सांगतो." फोन नंबर दिला.

१९, मंगळवार
मंजुरी नाही. दुपारी तांड्यावरचा विलास धापा टाकत आला. त्याची आई धर्मीबाई सकाळपासून सापडेना. हल्ली त्यांना घरचा रस्ताही आठवत नाही. माणसं ओढ्याकाठी हिंडून राहिली, पण झुडपं फार.
"ताई, वरून बघ ना."
"उडवता येत न्हाई आता."
"काहून?"
मोरेंना फोन केला. "विमान हवेत आहे. उचलू नका." औषधाची टाकी रिकामी केली, बॅटरी लावली, बसले. पंचवीस मिनिटं. मग मोरेंचा फोन. "उतरलं. अर्धा तास दुसरं नाही. परवानगी मात्र मी दिलेली नाही, बरं का."
उचलला. झाडांच्या जेमतेम वर. नऊ मिनिटं. ओढ्याच्या वळणावर, पळसाखाली कॅमेऱ्यात काहीतरी चमकलं. ओढणीला शिवलेले आरसे. धर्मीबाई बसल्या होत्या. पाय सुजलेला, बाकी ठीक. माझं सांगून होईतो विलास पळत सुटला.

२१, गुरुवार
कुणीतरी व्हिडिओ टाकला. गावात कौतुक. सायंकाळी पोलीस आले, पंचनामा करून ड्रोन घेऊन गेले. माझं ड्रोन उडवायचं लायसनही.

२३, शनिवार
काल पोळा. आज ड्रोन का उडवला त्याचा खुलासा लिहायला बसले. मोरेंचा फोन आल्याचं लिहिलं तर माझ्यावरचं हलकं होईल, त्यांची नोकरी जाईल. ते फोन उचलत नाहीत.
विलास म्हणाला, "खरं हाय ते लिही."
लिहिलं: हवेत विमान नाही याची खात्री करून उडवला. खात्री कशी केली, ते

नाही लिहिलं.

२९, शुक्रवार
हिंगोलीला सुनावणी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं, खात्री कशी केली.
"आवाज ऐकून," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. पटलं नसावं.
मग साहेब म्हणाले, "उद्या पुन्हा कुणी हरवलं तर?"
लायसन त्यांच्यापुढे टेबलावरच होतं. "उडवणार नाही" असं मी म्हणाले असते, तर बहुतेक तिथंच हातात मिळालं असतं. मी तसं म्हणाले नाही. त्यांनी लायसन फायलीत ठेवलं.
"पत्रानं कळवू."
गावाकडं जाणारी सेनगावची बस लागलेलीच होती. खिडकीजवळ जागा मिळाली.