तारेवर कोण ऐकत होतं

होराकव्हिल, नेब्रास्का
गुरुवार, १८ जुलै २०१९

प्रिय डेलोरेस,

रविवारी, १४ जुलैला, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, चर्चच्या हॉलमध्ये, जवळजवळ दोनशे माणसांसमोर तू माझ्या आईची थट्टा केलीस. वेळ अगदी अचूक आहे. तू माईक हातात घेतलास तेव्हा मी घड्याळाकडेच बघत होते, कारण चिकन अजून वाढायला घेतलं नव्हतं आणि मला भूक लागली होती.

बाकी माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. टोमॅटो यंदा इतके लागलेत की मी पिशवी घेऊन निघाले की शेजारची बाई पडदे ओढून घेते. लँबर्टला मीठ कमी करायला सांगितलंय ना डॉक्टरांनी? मग त्याच्या ताटात त्या दिवशी आंबट कोबीचा डोंगर कोणी वाढला होता? असो. तुझा नवरा, तू बघ.

गावाला सव्वाशे वर्षं झाली म्हणून तू जे पुस्तक काढलंस, ते मी सोमवारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. लाल पेन घेऊनच बसले होते; अडतीस वर्षं शिकवण्यात गेल्यावर दुसरं काही जमत नाही. पुस्तक चांगलं झालंय, हे आधी सांगते, म्हणजे नंतर सांगायचं राहायला नको. धान्याच्या कोठाराला लागलेली आग, बर्फात अडकलेली शाळेची बस, बॅण्डवाल्यांचा फोटो, सगळं वाचताना मी एकटीच हसत होते. सिस्टर युसेबिया आपल्याला पाढे म्हणायला लावायची आणि स्वतः उभ्याउभ्या डुलकी काढायची, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटायचं, ते फक्त मलाच आठवतंय.

पण पान सत्तेचाळीस, तिसरा परिच्छेद. तू तोच वाचून दाखवलास. 'आमच्या टेलिफोनच्या एकाच तारेवर आठ घरं होती, कुणीही उचलून कुणाचंही ऐकावं, आणि चोरून ऐकण्यात रोझालिया क्रेयची यांचा हात कोणी धरला नसता. बिचारीचं दुर्दैव इतकंच की त्यांचं घड्याळ फोनच्या बरोब्बर वर टांगलेलं होतं.' सगळा हॉल हसला. व्हर्नन डुशेकच्या तर कॉफी पिता पिता नाकातून पाणी आलं. माझ्या टेबलावरची नवीन लग्न झालेली पोरगी मला म्हणाली, "तुमच्या आई म्हणजे वल्ली दिसतायत." मी तिला म्हटलं, "बटर इकडे दे."

माझी आई कधीही दुसऱ्याचा फोन ऐकत नव्हती. एकदाही नाही. त्या तारेवर असं एकच घर असेल, आणि त्यातही ती एकटीच.

बाकीच्या आपल्याला माहीत आहेत. आमची घंटी तीन आखूड, तुमची एक लांब दोन आखूड, आणि ओढ्यापलीकडे तुझ्या ऑगस्टा मावशीकडे दोन लांब एक आखूड. कुणाचीही घंटी वाजली की सात घरांतल्या बायका पीठ लागलेले हात पुसून हळूच फोन उचलायच्या. जेवढ्या जास्त जणी उचलतील तेवढा आवाज बारीक व्हायचा. मग तुझी आई वैतागून म्हणायची, "दोघीतिघी जणी ठेवा गं खाली, मला माझ्या बहिणीचं काही ऐकू येत नाहीये." आणि खरंच, टक्, टक्, टक्. ऐकायचं सगळ्यांनी, पण ऐकल्याचं कबूल करायचं कुणीच नाही, आणि ऐकलेलं बाहेर तर काढायचंच नाही. एवढा एकच नियम होता.

माझी आई मात्र म्हणायची, "मला आपल्याच घरातलं ऐकून कंटाळा आलाय."

आता मार्च १९५५. तो उपासाचा महिना होता आणि मी ईस्टरपर्यंत गोड सोडलं होतं. बारा वर्षांच्या मुलीने गोड सोडलं की तिला दुसरं काहीतरी लागतंच. सोमवारी, सात तारखेला, मी शाळेतून आले. आई कोंबड्यांकडे होती. दोन लांब, एक आखूड. मी स्टुलावर चढले, फडक्याने फोनचं तोंड झाकलं, आणि उचलला.

तुझी आई ऑगस्टा मावशीला सांगत होती की तुझ्या वडिलांना कॅलिफोर्नियात विमानांच्या कारखान्यात काम मिळतंय, शेत या हिवाळ्याआधी विकायचं, आणि म्हाताऱ्याला, म्हणजे तुझ्या आजोबांना, आणि पोरांना ईस्टर होईपर्यंत कळू द्यायचं नाही. मी फडकं इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. तेवढ्यात आमच्या घड्याळाने नेहमीसारखा घसा खाकरला आणि चारचे ठोके दिले. फडक्याने घड्याळ थोडंच झाकलं जातं?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दहाच्या सुट्टीत, पंपाजवळ मी तुला सांगितलं. डेलोरेस, मला ते पोटात ठेवता येईना. तू निघून गेलीस तर मी बाकावर कुणाशेजारी बसणार होते? व्हर्ननशेजारी? तू विचारलंस, "तुला कोणी सांगितलं?"

आणि मी म्हटलं, "आईने ऐकलं."

एवढंच. दोन शब्द. मी चार दिवस झाले हे पत्र लिहितेय. पहिल्या तीन कागदांवर मी तुझ्यावर जे जे आरोप केलेत, ते वाचलेस तर तू मला पुन्हा घरात घेणार नाहीस. मग चौथा कागद घेतला तेव्हा लक्षात आलं, की तू काही बनवून लिहिलेलं नाहीस. पंपाजवळ मी जे सांगितलं, ते तू चौसष्ट वर्षं नीट सांभाळलंस आणि जसंच्या तसं छापलंस. मी दिलेलंच तू मला परत वाचून दाखवलंस, तेही माईकवरून.

तू ते घरी जाऊन सांगितलंस. पुढचं तू तुमच्या स्वयंपाकघरातून पाहिलं असशील. मी आमच्या बाजूचं सांगते.

त्याच संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ती एक लांबच लांब घंटी वाजली. आग लागली किंवा कुणी गेलं तरच वाजायची ती, आठही घरांसाठी. आईने ओले हात तसेच घेऊन फोन उचलला. मी तिला चिकटून उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. तुझी आई म्हणाली, "कुणी मेलेलं नाही. मला एवढंच विचारायचंय, काल चार वाजता कोण ऐकत होतं?"

आठ घरं, आणि कुणी फोन खाली ठेवेना. आणि तेवढ्यात आमचं घड्याळ खाकरलं. सात ठोके होते. सगळे ऐकावे लागले सगळ्यांना.

"रोझालिया," तुझी आई म्हणाली, "तुझी मुलगी म्हणते की तू ऐकलंस."

आईने मान खाली करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात एखादी वस्तू उलटीपालटी करून बघावी तसं. मग ती फोनमध्ये म्हणाली, "हो, ब्लांका. मीच होते. चुकलं माझं." फोन ठेवला, आणि मला म्हणाली, "ताटं पूस."

त्यावर तिने मला एक अक्षर विचारलं नाही. शनिवारी ती पापनिवेदनाला गेली, न केलेलं पाप सांगायला. तिच्या मागे रांगेत मीच होते. मी फादरना सांगितलं की मी भावाच्या अंगावर ओरडले.

चर्चच्या बायकांनी तिला काय शिक्षा दिली, ते तुझ्या पुस्तकात नाही. गावातले सगळ्यांत चांगले खसखशीचे कोलाच, ते आपले गोड पाव, ती करायची, पण ऑक्टोबरच्या जेवणावळीत व्हर्ननच्या आईने, मिसेस डुशेकने, तिला भट्टीजवळ उभं राहू दिलं नाही. तळघरात बटाटे सोलायला धाडलं, म्हाताऱ्या विधुर बाप्यांबरोबर. अकरा वर्षं. मी पुढे सिस्टरांच्या बोर्डिंगात शिकायला गेले, शिक्षिका झाले, खोटं बोलणारी पोरं डोळ्यांवरून ओळखायला लागले, आणि ती तिथे बटाटेच सोलत होती.

आता एक गोष्ट सांगते, ती तुला आवडेल. तिथे खाली ती सुखात होती. एकदा मी निरोप द्यायला जिना उतरले तर ते चार म्हातारे चेक भाषेत काहीतरी चावट सांगत होते आणि आई साली मांडीवर घेऊन डोळे पुसत हसत होती. वर, बायकांत, मी तिला तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. मिसेस डुशेक गेल्यावर तिला परत वर बोलावलं, तर दोन वर्षांनी तीच म्हणाली, "मला आपलं खालीच जाऊ दे." शेवटच्या आजारपणात मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "आई, ते फोनचं..." ती म्हणाली, "बटाट्यांचं म्हणतेस? मजा यायची गं." आणि कुशीवर वळली. माझी माफी तशीच राहिली, मागितलेली नाही आणि दिलेलीही नाही.

आणि तुम्ही काही कॅलिफोर्नियाला गेला नाहीत. तू वर्गात रडलीस, घरी आजोबांना कळलं, आणि ते गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले ते दोन दिवस उतरले नाहीत. जेवणही तिथेच. तुझे वडील शेवटी म्हणाले, "ठीक आहे, नाही विकत, आता गाडी तरी द्या." त्यामुळे तू इथे वाढलीस, लँबर्ट तुला इथे मिळाला, आणि दर गुरुवारी पत्त्यांत मला हरवायला तू चार घरांवर राहतेस. ऐकल्याचा मला पश्चात्ताप होत नाही, हे फादरना सांगू नकोस. पण ते दोन शब्द मला परत हवेत.

पहिल्या छपाईच्या प्रती संपल्या आणि दुसरी पाच ऑगस्टला छापायला जाते, असं तूच माईकवर सांगितलंस. त्यात तिसरा परिच्छेद असा छापायचा: 'आमच्या तारेवर चोरून ऐकणारी मुलगी अल्बिना क्रेयची होती, वय बारा. तिने नाव आईचं घेतलं. रोझालिया क्रेयची यांनी आयुष्यात कधी कुणाचा फोन ऐकला नाही, आणि तरी आळ स्वतःवर घेतला.' 'एक लहान मुलगी' असं गुळमुळीत नको. माझं पूर्ण नाव. घड्याळाची गंमत हवी तर ठेव. ती खरी आहे. आणि पुढच्या मेळाव्यात हे वाचून दाखवायचं, माईकवरूनच, चिकन वाढायच्या आधी, म्हणजे सगळे जागे असतील.

आज मी पत्ते खेळायला येत नाहीये. हे वाचल्यावर मी यावं की नाही, तेही तूच ठरव. पण फोन करू नकोस, फोनवर तू मला हसवशील आणि विषय तिथेच राहील. लेखी उत्तर हवंय, तुझ्या सहीचं, छपाईला काय गेलं त्याच्या प्रतीसकट, शुक्रवारी, दोन ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता पोस्ट बंद होण्याच्या आत.

तुझ्याच बाकावरची,
अल्बिना क्रेयची