मागच्या सीटवरची मोजणी

शुक्रवार, संध्याकाळ

पोचलो एकदाचे! तळ्याकाठची ही मोकळी जागा फोटोत दिसत होती त्याहून छान आहे. मी, ह्यांच्या दोन मुली आणि वाटेत ढकलावी लागेल अशी खात्री असलेली जुनी गाडी, सगळे धडधाकट. लग्नाला तीन महिने झाले तरी मुलींशी माझं सूत जुळेना, म्हणून ही सहल ह्यांनीच ठरवली आणि ऐन वेळी कामाचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं. मंगळवारी येतो म्हणालेत. येईनात का तेव्हा. सहा वर्षं शाळेच्या बसवर काम केलंय मी, रोज अठ्ठावीस पोरं चढवली-उतरवली, एकही हरवलं नाही. या दोघी म्हणजे काय मोठंसं!

पुढच्या खेपेसाठी टिपून ठेवते. मागची सीट पाडली की मध्ये फट राहते, तिच्यात जाड चादर कोंबायची, नाहीतर कंबरेचे हाल. काचा बोटभर उघड्या ठेवायच्या, नाहीतर सकाळी त्यांना आतून पाणी सुटतं. खाऊ सगळा एकदम दाखवायचा नाही. प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी: हरवलात तर जागचं हलायचं नाही, तीनदा वाजवायची. आणि दंडावर माझा फोन नंबर, दप्तरांवर नावं घालायच्या पेनाने. आठवडाभर घासला तरी जात नाही.

शिवाय मोजणी. ही माझी बसमधली पद्धत. थोरलीने 'एक' म्हणायचं, धाकटीने 'दोन', मी 'तीन', मगच चावी फिरवायची. थोरली नऊ वर्षांची, शहाणी, मोजकं बोलणारी. धाकटी पाच वर्षांची. तिचं नाव मी भिंगरी ठेवलंय. एका जागी बसेल तर शपथ. पुढचा दात हलतोय, तो दिवसभर जिभेने ढकलत असते. आज पेंगत पेंगत मला 'मावशी' म्हणाली. पहिल्यांदाच.

शनिवार, दुपार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी बर्फ आणि पाणी आणायला हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर गेलो. भिंगरीने दुधाची पिशवी सीटवर उपडी केली. मी ओरडले. तुझ्या आईने लाडावून ठेवलंय तुला, असं म्हणाले. जी बाई या जगात नाही तिच्याबद्दल. पोरगी रुसून गप्प झाली.

निघताना मोजणी केली. एक, दोन, तीन. पण रागात होते, मागे वळून पाहिलं नाही. वीस मिनिटांनी थोरली रडत म्हणाली की भिंगरी गाडीत नाहीच. बहीण रुसली की तिचा नंबरही थोरलीच म्हणायची, मी आणखी चिडू नये म्हणून. भिंगरी मागे चादरीत शिरून बसलीय असं तिला वाटलं होतं.

गाडी कशी हाणली ते माझं मला माहीत. पंपामागच्या बाकावर ती बसली होती. एकटीच, हात गुडघ्यांवर. उतरून चौकशी करायला हवी होती, तिला कुणी सांभाळलं ते विचारायला हवं होतं. पण लाज वाटली. कुणी चार शब्द सुनावले असते. मी उतरलेच नाही, बसल्या जागेवरून मागे वाकून दार उघडलं. ती मुकाट्याने आत बसली आणि मी विचारायच्या आत 'दोन' म्हणाली.

बाबांना सांगायचं नाही, अशी शपथ थोरलीकडून घेतली. नऊ वर्षांच्या पोरीकडून! फोनही बंद करून ठेवलाय. ह्यांचा आला तर आवाजावरून ओळखतील.

रविवार, सकाळ

ती रडली असती, मला बोचकारलं असतं तर बरं वाटलं असतं. बस म्हटलं की बसते, ये म्हटलं की येते. खात नाही. तळ्याकडे बघतही नाही. धसका घेतलाय पोरीने, आणि तो मी दिलाय.

थोरली तिच्याशेजारी झोपायला तयार नाही. तिचं अंग गार लागतं म्हणते. मी थोरलीलाच दटावलं.

रविवार, दुपार

अंघोळ घातली. दंडावर नंबर नाही. पुसट खूणसुद्धा नाही. थोरलीचा काळाकुळकुळीत आहे. मीच जोरात चोळलं असेल— नाही, मी चोळलंच नव्हतं.

शिट्टीही नाही गळ्यात.

तोंड उघड म्हटलं. उघडलं. पुढचे दात एकेक हलवून पाहिले. सगळे घट्ट.

सोमवार, सकाळ

ह्यांना सगळं सांगायचं ठरवलं. रेंज धड मिळते ती फक्त रस्त्याकडच्या फाटकापाशी. दोघींना गाडीत बसवलं. थोरली माझा हात सोडेना. पाच मिनिटांत आले म्हणाले आणि हात सोडवून घेतला.

फोन सुरू केला. एकाच अनोळखी नंबरावरून एकतीस फोन येऊन गेल्याचे मेसेज. लावला. पंपावरची बाई. शनिवारपासून मी फोन लावतेय म्हणाली, पोलिसांनाही कळवलंय. रडत होती म्हणून पोरीला आत पाणी द्यायला नेलं, दंडावरचा नंबर वाचत होते, तेवढ्यात तुमची गाडी येऊन गेली. हाक मारली तरी थांबला नाहीत, तुम्ही आई आहात की कोण, असं विचारलं तिने.

मग भिंगरीला फोन दिला. तिचा दात काल पडला. जपून ठेवलाय म्हणाली. मावशीला दाखवायला.

सोमवार

धावत आले. मागे दोघी. दोघींचेही हात गुडघ्यांवर.

मी विचारायच्या आत थोरली 'एक' म्हणाली. तिची बाही वर केली. दंड कोरा.

चावी आतच आहे. दारं आतून लावून घेतलीत. वही बॉनेटवर ठेवून लिहितेय, अहो, तुम्ही उद्या याल आणि वाचाल म्हणून. धाकटी पंपावर आहे. आधी तिला आणा. तिच्या आईबद्दल मी जे बोलले ते ती सांगेल. खरं आहे ते. चूक थोरलीची नाही, माझी, सगळी माझी—

झाडीतून शिट्टी. तीनदा. थोरली! जागची हललेली नाही, शहाणी गं माझी— जातेय तिकडे—

गाडीत मोजणी चाललीय.

एक. दोन.

काचेवर ऊन आहे, पुढच्या सीटवर कोण आहे ते दिसत नाही— 'तीन' म्हणाली. माझ्याच आवाजा—