अहो आणि अठ्ठेचाळीस इंच

४ मार्च
गाडी आली. गाडी कसली, चाकांवरचा बंगलाच! ह्यांना म्हटलं, आपण दोघं माणसं, त्यात मी ही अशी बुटकी. एवढी मोठी कशाला? "मोठी गाडी सुरक्षित असते." कोणासाठी, ते सांगितलं नाही.

मी टेप काढली. शिवणकामात आधी माप, मग मत. बॉनेट जमिनीपासून अठ्ठेचाळीस इंच. मी सत्तावन्न. म्हणजे समोर उभी राहिले की ह्यांना कपाळ आणि अंबाडा तेवढा दिसणार. "तेवढं पुरे आहे," म्हणाले. साठी आली तरी चावटपणा जात नाही.

७ मार्च
माझ्या शिवणाच्या दुकानातला लहान मुलीचा पुतळा गाडीसमोर ठेवला. अंगात शेजारच्या चिमुरडीचा, आमच्या खारूताईचा, शाळेचा फ्रॉक, बटणं तेवढी लावायची राहिलेली. ह्यांना आत बसवून विचारलं, "दिसतो का?"

"काय?"

गाडी चालूच होती. तेवढ्यात फोन टुणकन वाजला, ह्यांची मान खाली, पाय ब्रेकवरून वर — पुतळा आडवा! नाक गेलं. फ्रॉकवर टायरची नक्षी. मी रडले, खोटं कशाला लिहू. फ्रॉक नुसता नव्हता ना, सात वर्षांच्या पोरीच्या मापाचा होता. खारूताईला सांगितलं, कापड कमी पडलं.

८ मार्च
नवं कापड आणलं. ह्यांना ताकीद दिली: गाडीत फोन बघायचा नाही.
"बायकोचा आला तरी?"
"बायकोचा तर मुळीच नाही."
कान धरून हो म्हणाले.

१३ मार्च
दुकानासमोरच्या झेब्रा पट्ट्यांवर दहा मिनिटं उभी. कोणी थांबेल तर शपथ. सगळ्यांची डोकी फोनमध्ये. शेवटी पोटातून ओरडले — "अहो!" तीन गाड्या करकचून थांबल्या. तिन्हींत नवरे! एक तर म्हणाला, "आलो, आलो."

१६ मार्च
आता खारूताईला शाळेतून आणताना रोज हाच मंत्र. ती माझ्याहून जोरात ओरडते. तिची आई म्हणाली, "काकू, पोरीला हे काय शिकवलंत? घरी बापाला अहो म्हणते." हसून हसून मुरकुंडी वळली.

१८ मार्च
काही नाही. चार ब्लाऊज, एक भांडण. बाही चुकली होती. माझीच.

१९ मार्च
आम्ही दोघी ओरडलो. एक गाडी थांबलीच नाही. हातातली लाकडी पट्टी बॉनेटवर आपटली, तेव्हा ब्रेक लागला. खारूताईच्या वेणीपासून टीचभर. पोरीला मागे ओढलं. टाचा उंचावून काचेआड बघितलं. हेच. हातात फोन.

दार उघडलं. फोनवर माझाच मेसेज. दुकान बंद करताना मीच पाठवलेला — "अहो, सांभाळून चालवा."