काकतीच्या चिंचेची ओळ

९ जून, मंगळवार, संध्याकाळ

उपटलेली चिंचेची रोपं बुट्टीत पडलीत. सगळी बारकी. दुसरं कुणी असतं तर ओरडले असते, पण समोर माझे आजोबा, आप्पा होते.

काकती गावच्या झाडाचे चिंचोके मी एका ओळीत पेरले होते, जांबोटीच्या झाडाचे दुसऱ्या. एकाच झाडाची रोपं किती उंच, किती खुजी होतात, हेच प्रबंधासाठी वर्षभर मोजायचं होतं. उद्या गाईड मॅडम पहिली पाहणी करणार. आणि आज मी बाजारात गेले तेवढ्यात आप्पांनी काकतीची ओळ विरळली. निपाणीकडं जन्मभर तंबाखूचं तरू, म्हणजे लावणीची रोपं, केलेला माणूस. मरतुकडं रोप दिसलं की त्यांचा हात राहत नाही.

"बारकी ठिवून काय करतीस? आता बघ, कशी एकसारखी दिसत्यात. तुझ्या मॅडम यायच्यात म्हणून केलं गं."

मी बुट्टीतलं एकेक रोप उचलून पाहिलं.

मुळं तुटलीत, परत लावून जगायची नाहीत. बारकी गेल्यानं ओळीची सरासरी वाढणार, आता काकतीचं झाड खोटंच सरस ठरेल. सांगितलं तर वर्ष गेलं. नाही सांगितलं तर कळणार कुणाला?

दिवेलागणीला वाफ्यातल्या रोपांनी पानं मिटली. बुट्टीतल्यांनीही मिटली, सकाळी उघडायची असल्यासारखी. बुट्टी टाकून द्यायला मन होत नाही.

जेवताना आप्पांनी विचारलं, "मॅडम काय म्हणतील गं?"

"ओळ छान आलीय म्हणतील."

ते खूश झाले. मॅडम तसंच म्हणतील आणि मी गप्प बसेन, याचीच भीती वाटतेय.