एकाच दिवशी घेतलेले दोन फोन

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, कुठे अडकलेलो नाही, कुणी मला धरूनही ठेवलेलं नाही. माझं अक्षर तू शेवटचं दहावीच्या वहीत पाहिलं असशील. तेव्हाच म्हणाली होतीस, मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेल्यासारखं दिसतं. मुंगी अजून तीच आहे, सांभाळून घे. कागद म्हणजे कोल्ड स्टोरेजच्या जावक फॉर्मचे पाठकोरे. मागे पेट्या, वजन, तापमान असलं काय काय छापलंय, तिकडे बघू नकोस.

हो, आता कोल्ड स्टोरेज. बोटींना रंग द्यायचं काम सुटलं. सुटलं म्हणजे सोडलं. इथे सफरचंदाच्या पेट्या आत नेऊन रचायच्या आणि मागणी आली की त्याच बाहेर काढायच्या. बाहेर घाम, आत गोठणं. आमचा सुपरवायझर तीन कोट एकावर एक घालून डुलत चालतो म्हणून त्याला सगळे पेंग्विन म्हणतात, आणि त्याला ते माहीत आहे. पण हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. मी वाट चुकतोय, तुला सवय आहे.

तीन दिवस तुझा फोन बंद लागत होता. दर तासाला बाहेर यायचं, हातमोजा दातांनी ओढून काढायचा, फोन लावायचा, त्या बाईचं तेच तेच ऐकायचं, पुन्हा आत. पहिल्या दिवशी वाटलं, चार्जिंग संपलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, रागावली असेल. माझं काय काय चुकलंय ते आठवायला बसलो, तर बरंच निघालं. तिसऱ्या दिवशी तुझ्याच विचारात हातातली पेटी पायावर पडली. अंगठा काळानिळा आहे, बाकी काही नाही. शेवटी न राहवून बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मला काय विचारतोस? फोन बंद करून बसायची सवयच आहे तिला." आणि मी, ताई, नुसतं "हं" म्हणालो. ते "हं" तेव्हापासून कानातून जात नाही.

काल तू ज्यांची शुश्रूषा करतेस त्या पेशंट आजोबांच्या घरच्या फोनवरून तुझा आवाज आला तेव्हा जिवात जीव आला. पण फोन ठेवता ठेवता तू एक वाक्य बोललीस आणि तो पुन्हा गेला. त्या वाक्यावर येतो. आधी फोनचं सांगावं लागेल.

आठवतं ना, बाबा निवृत्त झाले त्या दिवशी आपल्या दोघांना फोन घेऊन आले होते. एकच दुकान, एकच मॉडेल, एकच काळा रंग. बाबांचं सगळंच तसं. छत्र्या दोन, सारख्या. कंपासपेट्या दोन, सारख्या. चूक एकाची असली तरी ओरडाही दोघांना समसमान. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस. चिठ्ठीशिवाय साहेबालासुद्धा खिळा दिला नाही. घरात तू मला पेन्सिल दिलीस तरी वर्तमानपत्राआडून आवाज यायचा, "पोच घेतलीस का?" तोंडी बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी वारा.

मग दोन्ही फोन रखडायला लागले. मी तेव्हा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होतो, माझ्या हातून पाच महिने टिकलेलं एकुलतं एक काम. तिथल्या कारागिराला आम्ही डॉक्टर म्हणायचो. त्याच्याकडून कळलं की फोनचा कर्नेल बदलता येतो. कर्नेल म्हणजे फोनच्या पोटात बसलेला मुकादम समज. कुणी किती पळायचं, कुणाला किती वीज द्यायची, सगळं तो ठरवतो. कंपनीने बसवलेला मुकादम जपून काम करून घेतो. पण नेटवर हौशी लोकांनी बनवलेले मुकादम मिळतात, ते चिपला ठरल्यापेक्षा जोरात पळवतात. वर मी आणखी शहाणपणा केला. फोन तापू नये म्हणून चिपची वीज थोडी कमी केली. म्हणजे काम जास्त आणि खुराक कमी. माझ्या फोनवर दोन दिवस गेम चालू ठेवला, उन्हात ठेवला, गादीखाली ठेवला. त्याने हूं की चूं केलं नाही.

मग तू म्हणालीस, माझाही मेला कासवासारखा चालतो, बघ जरा. मी तुझे फोटो आधी काढून ठेवले, फोनचं आतलं कुलूप उघडलं, नवा मुकादम बसवला आणि वेगाचे, विजेचे माझेच आकडे जसेच्या तसे टाकले. फोन सारखे, मग आकडे सारखे! आणि तपासलं किती? दहा मिनिटं. तू ड्युटीला निघाली होतीस, एक चप्पल पायात, एक हातात. "भिंगऱ्या, आटप, आजोबा इंजेक्शनसाठी ताटकळलेत." काय केलं म्हणून विचारलंस, तर मी म्हणालो, साफसफाई. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "तू हात लावलास आणि पळायला लागला की रे! हुशार आहेस." ताई, मला आयुष्यात हुशार कोण म्हणालंय? त्या एका शब्दावर मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वरून चालत होतो.

डॉक्टरला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "अरे गाढवा, एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन चिपासुद्धा सारख्या नसतात. एक जे सोसते, त्यानेच दुसरी कोसळते. ज्याचा त्याचा फोन वेगळा तपासायचा असतो." मी मान हलवली. रविवारी तुझा फोन घेऊन बसायचं ठरवलं. रविवारी एकजण नदीवर बोटी दाखवायला घेऊन गेला, त्यातूनच ते रंगाचं काम… असो. रविवार गेला. बुधवारी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. मंगळवारी तुझं आणि बाबांचं वाजलं, तू वेगळी खोली घेतलीस त्यावरून. जिन्यात उभी राहून तू ओरडलीस, "मग मला फोनच करू नका!" तरी बुधवारचं ठरलेलं तसंच होतं. हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली की बाबा फोन करणार आणि तू आणायला जाणार. फोन तुझ्या एप्रनच्या खिशात होता आणि तू आजोबांची जखम बांधत होतीस. बाबांनी अकरा वेळा लावला. बंद. तीन तास बाकावर बसून राहिले, मग एका डोळ्यावर पट्टी तशीच घेऊन एकटे निघाले. पायरीचा अंदाज चुकला आणि मनगट मोडलं. तू रडून सांगत होतीस, आपोआप बंद पडला, मी हातसुद्धा लावला नाही. बाबा म्हणाले, "काल बोललीस, आज करून दाखवलंस." चार महिने झाले. दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून तुम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी तू फोन माझ्या हातात दिलास. बघ रे, काय झालं याला. मी पाहिलं. आतल्या नोंदीत स्वच्छ होतं. चिप कोसळली, फोन पुन्हा सुरू व्हायला गेला आणि कंपनीच्या नावाच्या चित्रावरच अडकून बसला, तू खिशातून काढेपर्यंत. माझे आकडे तुझ्या चिपला सोसले नव्हते. आणि मी म्हणालो, "बॅटरी गेली असेल." कंपनीचा मुकादम तेव्हाच परत बसवला असता, तर फोन पुन्हा रखडला असता आणि तू का म्हणून विचारलं असतंस. म्हणून एक आकडा थोडा खाली घेतला आणि बाकी नशिबावर सोडलं. आठ दिवसांनी बोटींकडे पळालो. तुम्हाला वाटलं, नेहमीसारखा भटकायला गेला.

आता ते कालचं वाक्य. दोन बॅटऱ्या बदलल्या तरी तेच, असं सांगून तू हसलीस. म्हणालीस, "कधी कधी मलाच वाटतं रे, त्या दिवशी रागाच्या भरात मीच बटण दाबलं असेल आणि आता आठवत नसेल." मी "वेडी आहेस का" म्हणालो आणि पेंग्विन हाक मारतोय असं सांगून फोन ठेवला. तो हाक मारत नव्हता. तू नाही दाबलंस, ताई. तुझं बोटही लागलं नव्हतं. फोन डॉक्टरकडे घेऊन जा आणि सांग, कंपनीचा मुकादम परत बसव. हळू चालेल, पण चालेल.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण ऐकणारी तू एकटीच असतीस. तू बाबांना सांगायला गेली नसतीस, तुझा ताठा मला माहीत आहे. गेली असतीस तरी त्यांच्या लेखी तो वाराच. म्हणून कागद, आणि खाली सही. लिफाफ्यावर तुझं नाव नाही, बाबांचं आहे. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे त्यांनीच शिकवलंय, म्हणून सोबत वेगळी चिठ्ठी ठेवलीय: "बाबा, आधी तुम्ही वाचा, शेवटपर्यंत. मग हे ताईचं आहे, तिच्या हातात द्या आणि पोच घ्या." दुसऱ्याचा माल त्यांनी एक दिवसही स्वतःच्या कपाटात ठेवलेला नाही. हा ठेवतील का, एवढीच भीती आहे. कालपासून धड जेवलेलो नाही. पण तू हे वाचत असशील तर ते तुझे तीन जिने चढून आलेत आणि समोर उभे आहेत. नुसता सहीसाठी कागद पुढे करतील. सही कर. पेन त्यांच्याच खिशातलं घे. आणि मग त्यांना आत बसव, ताई. ते मनगट अजून दुखत असेल.

तुझाच,
भिंगऱ्या