गेटावरचं गाऱ्हाणं

सोम. ३ फेब्रु. ८६
परत पाठवलं. हिला रिक्षातून उतरवून कंपनीच्या गेटापर्यंत धरून नेलं, तर वॉचमन म्हणतो, "परबकाका, रिटायर माणसांना दवाखाना बंद. नव्या पर्सनल मॅनेजरची ऑर्डर." अरे, जुन्या शेठने करार केला होता, रिटायर झालेल्याचं नि त्याच्या बायकोचं औषधपाणी मरेपर्यंत कंपनीचं. त्यासाठी आम्ही पगारवाढ सोडली. तेव्हा हा टाय लावणारा चड्डीत मुतत असेल. फुकटचा नव्हता तो दवाखाना.
हिची डायबिटीसची सुई रोज तिथे मिळायची. आता?
ह्या टायला मी सोडणार नाही. लिहून ठेवतोय.

गुरु. ६ फेब्रु.
टायला भेटलो. बसा म्हणाला नाही. "परब, कंपनी म्हणजे धर्मशाळा नाही." वर हसला. हसला यार! मी म्हटलं, साहेब, म्हातारपण तुम्हालाही येणार. तर म्हणे, माझं मी बघून घेईन.
युनियनवाले म्हणतात, तुम्ही आता मेंबर नाही, पण बघू, करू. बघा बसून.
इन्सुलिन बाहेरून आणलं. फ्रिज कुठला घरात, बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. सुई ही स्वतःच टोचून घेते. जन्मभर लेथ चालवली, हात कधी हलला नाही, पण हे मला बघवत नाही.

मंगळ. ११ फेब्रु.
बाटली संपायला हवी होती. हातात घेतली तर अर्धी शिल्लक. विचारलं तर म्हणे, "एक दिवस आड घेतंय. म्हाग आसा ना." इतके दिवस मला पत्ता नाही!
पायाच्या अंगठ्याला जखम होतीच, ती आता काळी पडत चाललीय. डॉक्टर सरळ म्हणाला, सुई चुकवाल तर पाय कापावा लागेल. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो नि टायच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोठ्याने. लोक बघत होते. बघू देत.

शुक्र. १४ फेब्रु.
मासळीबाजारात तात्या घाडी भेटला. कंपनीत भट्टीवर होता, माझ्याबरोबरच रिटायर झाला. दम्याने पार वाट लागलीय, त्याचंही औषध बंद. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. तो देवाला हाक मारून मागणं मागतो, मागून अख्खा गाव 'व्हय म्हाराजा' करतो. एकदम सुचलं.
"तात्या, कंपनीच्या गेटावर घाल गाऱ्हाणं. टायचे हातपाय झडू देत म्हण."
भडकला. "गाऱ्हाण्यात मागना मागतत रे, गाळी घालनत नाय!"
"मग हेच माझं मागणं."
बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणे, "बघतंय."

सोम. १७ फेब्रु.
झकास! चाळीसेक म्हातारे गेटावर. नारळ, विडा, सगळं रीतसर. टाय गाडीतून उतरला नि तात्याने तोंड उघडलं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी म्हातारी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, ती मान्य करून घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"
मी शापाची वाट बघत होतो. तात्या थांबत, दम घेत म्हणाला, "आणि ज्या कोणी आमचा औषध तोडल्यान, तेका शंभर वर्सां आयुष्य दी रे म्हाराजा! तेचे दात पडांदेत, डोळे जांवदेत, आणि ह्याच दारातसून वाचमनान तेका परत धाडूंदे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
हा आवाज नुसता आमचा नव्हता. आतूनही आला. मशिनी बंद करून पोरं कंपाऊंडपाशी येऊन उभी होती. टायचं तोंड बघायला पाहिजे होतं. पांढरंफटक!
उद्यापासून रोज. देव पावो न पावो, मी ह्याला सुखाने बसू देणार नाही. घरी येऊन पोटभर जेवलो. किती दिवसांनी.

गुरु. २० फेब्रु.
टायने आत बोलावलं. आज खुर्ची. आज चहा. "परब, तुमच्या मिसेसच्या पायाचं कळलं मला. शनिवारी दहाला घेऊन या, मागच्या दाराने. इंजेक्शन, ड्रेसिंग, सगळं. कायमचं."
मी विचारलं, बाकीचे? "त्यांचं नंतर बघू. तेवढं ते गेटावरचं तुम्ही थांबवा. तुमच्या शब्दावर जमतात सगळे."
तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण चहा प्यालो, सगळा. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.
बाहेर तात्या धापा टाकत उभा. "काय म्हणालो रे तो?"
"काय नाय, दमदाटी."
तात्याशी खोटं बोललो.

शुक्र. २१ फेब्रु.
हिला ताप. पाय सुजलाय, चप्पल चढत नाही. टायचं बोलणं हिला सांगावंच लागलं. वर मी म्हटलं, त्या हरामखोराचं नाक जमिनीला घासल्याशिवाय तुला मागच्या दाराने नेणार नाही, कुत्र्यामांजरासारखी.
ही म्हणाली, "सूड तुमचो नि पाय माझो, व्हय ना?"
उठून पेज टाकली.
पेज पाजली तेव्हा म्हणाली, "माका सुई होयी. खोटा कित्याक बोलू? पण तात्याक काय सांगशात ता तुमी ठरवा. माका इचारू नकात."

शनि. २२ फेब्रु.
दहाला तात्या नि सगळे पुढच्या गेटावर. दहालाच मागचं दार. हरामखोराने वेळ पण बरोबर निवडली. त्याचा गळा धरावासा वाटतोय, आत्ता पण. माझं दुखणं कुठे आहे ते त्याने बरोबर हेरलं, ह्याचा राग सगळ्यात जास्त.
ही साडी नेसून तयार. पायाला फडकं बांधून दारात स्टुलावर बसलीय. कुठे जायचं ते विचारत नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.
रिक्षा बघायला जातो. कुठल्या गेटाला, हे रिक्षावाला आधी विचारणार. हिला नीट बसवतो, पाय वर घेतो, आणि मगच काय ते त्याला सांगतो.