सातवी पांढरी पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या गायकांच्या चरित्रात सुरुवातीच्या काळाबद्दल कधीच धड काही सापडत नाही. माझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

संकल्प: २२ मार्चच्या आत बेस.

चर्चची चौकडी म्हणजे चार पुरुष, चार आवाज, वाद्य नाही. (आमची ही तिला चांडाळ चौकडी म्हणते.) वरचे तिघे गातात आणि चौथा जमिनीखालून येतो. तो बेस. आपला खर्जच, पण खर्जाच्याही तळघरातला. पस्तीस वर्षं ती जागा बाबांची होती. गाण्याच्या शेवटी ते पियानोच्या डावीकडून सातव्या पांढऱ्या पट्टीवर उतरायचे आणि बाकं थरथरायची.

नोव्हेंबरात त्यांचं घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी पाटीवर 'थँक यू' लिहिलं, असं ही सांगते. मी तेव्हा पार्किंग शोधत होतो. बराच वेळ मिळालं नाही.

जागा रिकामी आहे. चौकडीचे मास्तर २२ मार्चला इच्छुकांचा आवाज ऐकणार. ती जागा घराबाहेर जाता कामा नये. खाण तशी माती.

४ फेब्रुवारी
एक बाब नोंदवून ठेवतो. माझा आवाज सध्या किंचित वर आहे. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात दिवसभर फोनवर असतो आणि लोक मला 'ताई' म्हणतात. आज एकोणीस जण म्हणाले. फोनची लाइन खराब आहे. वर कळवलंय.

५ फेब्रुवारी
बाबांच्या कपाटातल्या कॅसेट काढल्या. सगळं गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतली चर्चची गाणी. एका कॅसेटवर एक बेस शेवटच्या ओळीला एक-एक पायरी खाली उतरत जातो. आता संपलं असं वाटतं, तर आणखी एक पायरी. मग आणखी एक. तिथे ऐकणारे लोक हसायला लागतात. चेष्टेनं नाही, आनंदानं. माणसाच्या छातीत एवढी जागा असते हे त्यांना तेव्हाच कळलेलं असतं. शेवटचा सूर कानाला नंतर पोचतो, आधी खुर्चीला. लहानपणी बाबा मांडीवर बसवून गायचे तेव्हा मला तो पाठीतून ऐकू यायचा. वरचे तिघे स्वर्गाबद्दल सांगतात. स्वर्ग पडणार नाही याची हमी देतो तो हा चौथा. मी तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा डोळ्यात पाणी आलं. ऑफिसला उशीर.

६ फेब्रुवारी
मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप घेतलं. आपण गायचं, ते पट्टी दाखवतं. बेडरूममध्ये मला फार वरची पट्टी दाखवली. बाथरूममध्ये त्याहून वरची. बिघडलेलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार. ५.५०
चरित्रात ही तारीख लागेल. लिहितो.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो होतो. फ्रीजला टेकून सहज अ‍ॅप लावलं. सातवी पट्टी! पहिल्याच झटक्यात! अ‍ॅपने तर मी तोंड उघडायच्या आधीच ती दाखवली, इतका आवाज तयार होता. मला स्वतःला काही ऐकू आलं नाही, पण खऱ्या बेसला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही असं कुठेतरी वाचलंय. नसेल वाचलं तर तसं असणारच.

रोज पावणेसहा ते साडेसहा, स्वयंपाकघर. टाइल्समुळे आवाज सुटतो.

१२ फेब्रुवारी
आज बाबा स्वयंपाकघरात आले. स्टूल ओढलं, फ्रीजला पाठ टेकून बसले आणि डोळे मिटून पूर्ण पाऊण तास ऐकलं. चेहऱ्यावर ते जुनं समाधान. ऑपरेशननंतर आम्ही दोघं इतका वेळ एका खोलीत पहिल्यांदाच बसलो.

त्यांच्या खोलीत जायचं मला जमत नाही असं नाही. गोळी घेतली का विचारतो आणि निघतो. पाटीवर खडू घासला की अंगावर काटा येतो, आणि ते लिहीत असताना आपण कुठे बघायचं ते कळत नाही. शिवाय कामं असतात.

१५ फेब्रुवारी
बाबा रोज येतात. माझा एक श्रोता पक्का झाला.

ही म्हणाली, फ्रीज सव्वीस वर्षांचा झाला, दूध नासतं, नुसता घरघरतो, मेकॅनिकला बोलावू या. बाबांनी पाटीवर 'नको' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती चक्रावली. मी नाही चक्रावलो. ठोकाठोकीने माझा रियाज मोडू नये, एवढाच त्यांचा हेतू. बाप तो बापच.

१८ फेब्रुवारी
ऑफिसमध्ये अ‍ॅप लावलं. सातवी पट्टी नाही. छत फार उंच आहे.

१९ फेब्रुवारी
सर्दीत आवाज खाली बसतो म्हणे. डोकं ओलं करून फुल पंख्याखाली दीड तास बसलो. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी हातानेच 'नंतर' म्हटलं. आवाज जपायचाय.

२१ फेब्रुवारी
ताप १०२. पण पाणी येत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या एका गृहस्थाने मला 'काका' म्हटलं. दोनदा! त्यांची तक्रार पहिल्या नंबरवर घेतली.

२५ फेब्रुवारी
बरा झालो. पुन्हा ताई.

१ मार्च
कन्येने मला विचारलं, बाबा, तोंड बंद ठेवून अ‍ॅप लावून बघितलंत का. विज्ञान शाखेला घातल्याचा हा परिणाम. तोंड बंद ठेवून कोणी गातं का, असं मी तिला विचारलं. ती आणखी काही बोलणार होती, तेवढ्यात माझ्या मागे बसलेल्या बाबांनी तिला बोटाने गप्प केलं. आजोबा-नातीचं काय चालतं मला कळत नाही. विचारायला वेळ नाही.

६ मार्च
दुसरा इच्छुक कळला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर. दुकानात भेटला. बाबा कसे आहेत, एवढंच त्याने विचारलं, तर काउंटरवरच्या बरण्या वाजल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी मनात म्हणणार होतो, पण म्हण उलटी बसली.

तो म्हणाला, दर गुरुवारी दुपारी तो बाबांजवळ तासभर बसतो. त्यांना बोलता येत नाही, म्हणून हाच बोलतो. मुलांचं, रस्त्याचं, वळणांचं. मला हे माहीत नव्हतं. गुरुवारी मी ऑफिसला असतो. इतर दिवशीही असतो म्हणा.

त्याची ही चाल आहे, उघड आहे. रात्रीचं जेवण गेलं नाही.

१३ मार्च
फ्रीजमधलं दूध तिसऱ्यांदा नासलं. ही हातात पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. दुकानवाला जुना नेऊन नवा देतो म्हणाली, फक्त बाबांनी 'नको' लिहिलंय त्याचं काय. मी हसलो. म्हटलं, ते माझ्यासाठी लिहिलंय, आणि माझा रियाज आता कशानेही मोडत नाही. त्यांच्यातर्फे ते 'नको' मी मागे घेतो.

बाबा तपासणीला गेले असताना नवा फ्रीज आला. कागदावर सही मी केली. पांढराशुभ्र आहे. चालू आहे की नाही ते कळतसुद्धा नाही.

१४ मार्च. ५.४५
अ‍ॅपवर काही नाही.

६.१०. अजून काही नाही. बॅटरी ८० टक्के आहे.

बाबा आले. नवा फ्रीज बघून दारातच थांबले. मग स्टूल घेऊन बसले, पाठ टेकली, वाट पाहिली. उजवा तळवा मागे नेऊन फ्रीजच्या पत्र्यावर ठेवला. डावा ठेवला. उठून गेले. मी गातच होतो.

१५ मार्च
नव्या फ्रीजचा पत्रा आवाज शोषून घेतो. बाबा आले नाहीत.

१८ मार्च
आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. पातळ खाण्याची वाटीही अर्धी परत येते. ही काळजीत आहे. काल मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, २२ तारखेची काळजी करू नका, जागा घरातच राहील. त्यांनी पाटी घेतली. पाटी कोरीच होती, तरी फडक्याने पुसली आणि परत उशाशी ठेवली.

मी गोळी घेतली का विचारलं आणि निघालो.

२१ मार्च
संकल्प: उद्या.

२२ मार्च, शनिवार. दुपारी १
मास्तरांनी सातवी पट्टी दाबली. मी पाय रोवले, हनुवटी खाली घेतली, तोंड उघडलं. हवा आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. चौथ्या वेळी दार करकरल्यासारखा काहीतरी आवाज झाला आणि मास्तरांनी खिडकी बघून येतो म्हणून जागा सोडली. परत येऊन फार अदबीने म्हणाले, सर्वांत वरच्या आवाजाची जागा पुढच्या वर्षी रिकामी होतेय.

मग ड्रायव्हर उभा राहिला. हात खिशात, चेहऱ्यावर काही नाही. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तो पायरी पायरीने उतरत सातव्या पट्टीवर आला आणि बाकाची पाठ माझ्या पाठीत थरथरली. ती थरथर ओळखीची होती. पाच आठवडे रोज सकाळी पावणेसहाला मी तिलाच टेकून उभा होतो.

मी तिथेच बसून राहिलो. झाडणारी बाई म्हणाली, पाय वर घ्या.

तोच दिवस. दुपारी ४
सरळ बाबांच्या खोलीत गेलो आणि विचारलं. तुम्ही सकाळी कशासाठी येत होता?

त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं: 'फ्रीजसाठी.'

पुसलं. 'घरी पियानो नव्हता. फ्रीजची घरघर म्हणजे बरोबर तोच सूर. मी त्याच्याशी जुळवायचो.'

पुसलं. 'पाठ टेकली की इथे वाजतं.' आणि हात छातीवर ठेवला.

मी विचारलं, मग मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? खडू तुटला. दुसरा शोधून त्यांनी लिहिलं: 'तू खूश होतास.'

या वेळी कुठे बघायचं हा प्रश्न आला नाही. मी पाटीकडेच बघत होतो. त्यांचं स्वरयंत्र डॉक्टरांनी काढलं होतं. छातीत उरलं होतं ते मी सही करून नवीन फ्रीजच्या बदल्यात दिलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हे वाक्य खोडायचं नाही.

२४ मार्च
रजा टाकली. दुकानवाल्याने गोदामाचा पत्ता दिला, गावाबाहेरचा. ओळीने चाळीस-पन्नास जुने फ्रीज. कन्येने दुसरीत असताना बाजूला चिकटवलेलं बदक दिसलं म्हणून आपला सापडला. दार आधीच कोणीतरी काढून नेलं होतं. गोदामवाला म्हणाला, साहेब, हा थंड करत नाही. मी म्हटलं, माहीत आहे. घरघरतो का? त्याने प्लग लावला. घरघरला. त्याने मग माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं.

टेंपो मिळेना. शेवटी ड्रायव्हरला फोन केला. शाळेतली मुलं घरी सोडून झाल्यावर तो बस घेऊन आला. बाकांमधल्या वाटेत फ्रीज उभा, मी त्याला मिठी मारून बसलेलो. वाटेत त्याला म्हटलं, तू छान गायलास. तो म्हणाला, बाबांनी गुरुवारी शिकवलं, पाटीवर. तेवढ्यात वळण आलं आणि मी फ्रीज आणखी घट्ट धरला.

२५ मार्च
फ्रीज बाबांच्या खोलीत, पलंगाला लागून. दार नाही, म्हणून कप्प्यांत औषधं, कॅसेट आणि चष्मा ठेवला. ही म्हणाली, वेड लागलंय या घराला. मग स्वतःच जाऊन बाबांच्या पाठीमागे उशी लावली. बाबांनी ती काढून टाकली.

वाटीभर पेज पूर्ण प्यायले.

३० मार्च, रविवार. सकाळी ६.४०
आता रोज पावणेसहाला मी त्यांच्या खोलीत जातो. पलंगावर बसतो. पहिले दोन दिवस काहीच केलं नाही. खोलीत नुसती घरघर.

आज त्यांनी लिहिलं: 'गा.' मी सवयीने हनुवटी खाली घेतली. त्यांनी मान हलवली आणि बोट वर केलं. आणखी वर. मग मी त्यांच्या जुन्या गाण्याची सर्वांत वरची ओळ माझ्याच आवाजात म्हटली, ज्याला लोक ताई म्हणतात त्या. दोन कडवी. खाली फ्रीज, वर मी, आणि मध्ये बाबा डोळे मिटून, दोन्ही तळवे पत्र्यावर.

संपल्यावर त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी मोठं लिहिणार. मी पाटी हातात दिली.

'फ्रीज सुरात आहे. तू नाहीस. परत म्हण.'

म्हटलं.